उथळ ढग, बारीक जाळी आणि कोकणाचे आकाश

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याहून भीमाशंकरचा कडा सरळ रेषेत बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात जमीन शंभरेक मीटरवरून थेट हजाराच्या घरात जाते, आणि पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा तीच चढण चढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१८ मध्ये वापरात आणलेल्या अंदाज-प्रणालीच्या जाळीतला एक चौकोन सुमारे १२ किलोमीटरचा होता. कशेळ्याची भातखाचरे, कोथळीगडाचा सुळका आणि भीमाशंकरचे रान साधारण एकाच चौकोनात बसायचे, आणि त्या सगळ्यांना मिळून पावसाचा एकच आकडा यायचा. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ने हा चौकोन सुमारे ६ किलोमीटरवर आणला. जगभराचा अंदाज काढणाऱ्या प्रणालीसाठी ही मोठी झेप आहे. पण आषाढात कर्जत-खालापूरवरून जाणारा एकेक ढग बहुधा किलोमीटर-दोन किलोमीटरपेक्षा रुंद नसतो. तो या नव्या चौकोनातही मावून जातो आणि दिसेनासा होतो. जाळीत न दिसणाऱ्या अशा ढगांचे काय करायचे, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. समुद्रावर जन्मणाऱ्या कमी उंचीच्या ढगांचा अभ्यास संगणकावर अतिशय बारीक जाळी टाकून कसा करतात, त्यातून काय हाती लागले आणि त्यावर कितपत विसंबावे, हे पुढील प्रकरणांत येईल. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. ही पद्धत भरवशाची ठरली ती कॅलिफोर्निया आणि कॅरिबियनच्या समुद्रावर. तिथे तिने कमावलेला भरवसा कोकणाच्या आकाशाला आपोआप लागू होत नाही. आपल्या ढगांसाठी तो आपल्याच मोजमापांवर नव्याने कमवावा लागेल, आणि ते काम आता आवाक्यात आले आहे.

हे ढग दिसायला बिनमहत्त्वाचे असतात. त्यांचा माथा बहुतेक वेळा एक ते तीन किलोमीटरवर असतो. त्यांत वीज चमकत नाही की गडगडाट होत नाही. तरीही पृथ्वीच्या तापमानाचा विचार करणाऱ्यांना त्यांनी सर्वांत जास्त छळले आहे. समुद्राचा पृष्ठभाग गडद असतो आणि ऊन शोषून घेतो. त्यावर पांढऱ्या ढगांचा थर आला की ऊन परत फिरते. उंचावरचे ढग जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवूनही ठेवतात. खालच्या ढगांना ते फारसे जमत नाही, कारण ते जवळजवळ समुद्राइतकेच उबदार असतात. म्हणून खालचा ढग म्हणजे निव्वळ सावली. वार्षिक सरासरी काढली तर महासागरांच्या जवळपास २३ टक्के भागावर स्तरराशी ढगांचे, म्हणजे सलग चादरीसारख्या पसरलेल्या खालच्या ढगांचे, आच्छादन असते. तापमान वाढल्यावर ही चादर विरली तर तापमानवाढीला जोर मिळेल, टिकली तर नाही. सान्द्रीन बोनी आणि जाँ-लुई द्युफ्रेन यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की उष्ण कटिबंधातील ढगांबाबत हवामान-प्रारूपे एकमेकांशी भांडतात ती मुख्यतः याच सागरी ढगांवरून. आयपीसीसीच्या २०१३ च्या अहवालात कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणाऱ्या तापमानवाढीचा संभाव्य पल्ला १.५ ते ४.५ अंश होता. २०२१ च्या अहवालात तो २.५ ते ४ अंशांवर आला. पल्ला असा आवळला जाण्यामागे जी कारणे आहेत, त्यांत खालच्या ढगांची वाढलेली समज हे एक मोठे कारण आहे.

ती समज कुठून आली? विमान ढगातून एक रेघ मारत जाते, उपग्रह वरून माथा पाहतो, रडारला थेंब दिसतात पण हवेचे भोवरे स्पष्ट दिसत नाहीत. ढग मात्र भोवऱ्यांवरच जगतो. समुद्रावरून बाष्प घेऊन वर जाणारा झोत आणि माथ्यावरून कोरडी हवा आत ओढणारी घुसळण यांच्या हिशेबावर तो टिकतो किंवा विरतो. हा हिशेब मांडण्याची वाट १९७० मध्ये जेम्स डिअरडॉर्फ यांनी मोकळी केली. हवेच्या प्रवाहातले मोठे भोवरे गणिताने थेट सोडवायचे आणि जाळीत न मावणाऱ्या लहान भोवऱ्यांचा परिणाम अंदाजाने धरायचा, ही त्यामागची कल्पना. तिला ‘लार्ज एडी सिम्युलेशन’ म्हणतात. डिअरडॉर्फ यांच्या पहिल्या गणितात जाळीचे अवघे ६,७२० बिंदू होते. १९७६ मध्ये जिल सॉमेरिया यांनी याच रीतीने व्यापारी वाऱ्यांच्या प्रदेशातले राशी ढग संगणकात उभे केले. तेव्हापासूनची अडचण एकच आहे. जाळी निम्म्याने बारीक केली की बिंदू आठपट होतात, काळाचे टप्पेही दुप्पट लागतात, म्हणजे काम सोळापट. भाताच्या खाचरात बांधापासून बांधापर्यंत पाण्याची एकच पातळी धरावी, तसा जाळीतल्या प्रत्येक चौकोनाला हवेचा, बाष्पाचा आणि थेंबांचा एकेकच आकडा मिळतो. खाचरे लहान केली तर उतार नीट कळतो, पण बांध घालण्याचे कष्ट वाढतात.

या पद्धतीची परीक्षा कशी झाली, हे तपशिलाने पाहायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. १९६९ साली बार्बाडोसजवळ झालेल्या ‘बोमेक्स’ मोहिमेतल्या मोजमापांवरून एक ठरावीक प्रश्नपत्रिका तयार करण्यात आली. ६.४ किलोमीटर लांबी-रुंदीचा हवेचा डबा, आडवी जाळी १०० मीटरची, उभी ४० मीटरची, आणि सहा तासांचा काळ. वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या संगणकीय प्रारूपांनी ती सोडवली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत ढगांचा पाया, त्यांतून वर जाणाऱ्या हवेचे प्रमाण, बाहेरची हवा आत मिसळण्याचा वेग या बाबतीत ही प्रारूपे एकमेकांच्या बरीच जवळ आली. मग कठीण प्रश्नपत्रिका आली. जुलै २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे ‘डायकॉम्स-२’ मोहिमेत विमानांनी रात्रीच्या स्तरराशी ढगांत मोजमापे घेतली. तिथे ढगाच्या माथ्यावर काही मीटरांच्या अंतरात तापमान आठ-नऊ अंशांनी उडी घेते. माथ्याजवळ ५ मीटरची जाळी टाकूनही बहुतेक प्रारूपांनी वरची कोरडी हवा गरजेपेक्षा जास्त आत ओढली आणि प्रत्यक्षात घट्ट असलेला ढग संगणकात पातळ झाला. ज्यांनी माथ्याजवळची कृत्रिम घुसळण कमी केली त्यांचा ढग टिकला. तिसरी परीक्षा अँटिग्वा-बार्बुडाजवळच्या ‘रिको’ मोहिमेची, २००४-०५ ची. ढगांच्या रचनेबाबत प्रारूपे बऱ्यापैकी जुळली, पण पाऊस किती पडला यावर त्यांचे एकमत होईना, कारण थेंब थेंबाला मिळून वाढण्याचे गणित प्रत्येकाने वेगळे धरले होते.

या तीन निकालांत मला पद्धतीची ताकद दिसते. ती कुठे बरोबर येते, कुठे चुकते आणि कशामुळे चुकते, हे सांगता येते. भोवऱ्यांच्या बाबतीत ती विश्वासू आहे. माथ्यावरच्या पातळ सीमेबाबत ती जाळीच्या बारीकपणावर अवलंबून आहे. पावसाच्या थेंबांबाबत ती अजून उसन्या सूत्रांवर चालते. ढगातला थेंब सुमारे शतांश मिलिमीटर त्रिज्येचा असतो, आणि मिलिमीटरभर त्रिज्येचा पावसाचा थेंब तयार व्हायला तसे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. दहा-वीस मीटरच्या चौकोनात हे थेट दिसणे शक्यच नाही. काही सेंटिमीटरांच्या डब्यात एकेका थेंबाचा मागोवा घेणारी अधिक बारीक गणिते आयआयटीएममध्ये होतात. बंगळूरमध्ये रोद्दम नरसिंह यांनी प्रयोगशाळेत तापवलेल्या झोतांवर ढगाच्या वाढीचा अभ्यास केला आणि त्याला संगणकीय गणिताची जोड दिली. ही कामे म्हणजे त्या उसन्या सूत्रांची मुळाशी जाऊन केलेली तपासणी आहे.

आता पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप. संगणकात जे घालावे तेच बाहेर येते, मग त्याला पुरावा कसे म्हणायचे? या आक्षेपाला आपल्याच समुद्रावरच्या एका उदाहरणाने उत्तर देता येते. जानेवारी ते मार्च १९९९ मध्ये ‘इंडोएक्स’ ही मोहीम झाली. हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि भारतीय उपखंडाचा धूर अरबी समुद्र ओलांडून मालदीवच्याही पलीकडे पोचतो, हे तिने मोजून दाखवले. अँड्र्यू ॲकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये त्या मोजमापांच्या आधारे राशी ढगांची बारीक जाळीची गणिते केली. काजळी ऊन शोषते, त्यामुळे हवा तापते, सापेक्ष आर्द्रता उतरते आणि दुपारचे ढग कमी होतात, असा निष्कर्ष निघाला. गणितात घातलेली काजळी ऊन शोषणार हे आधीच ठाऊक होते. ढग किती घटतील हे मात्र कोणी घातलेले नव्हते. याहून बोलका पुढचा भाग आहे. २००४ मध्ये बेन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी काजळीचा थर स्तरराशी ढगाच्या आत न ठेवता वर ठेवून पाहिला. निकाल उलटा लागला. वरची हवा तापल्याने माथ्यावरची सीमा अधिक बळकट झाली, कोरडी हवा आत येणे कमी झाले आणि ढग जाड झाला. धूर तोच, ढग तसाच, फक्त उंची बदलली. निसर्गात हा प्रयोग करता येत नाही, कारण धुराचा थर उचलून ठेवायला कोणाचे हात पोचणार? घातलेलेच बाहेर येत असते तर असा उलटा निकाल अशक्य होता.

या उत्तराला मर्यादाही आहे, आणि ती न लपवणे मला महत्त्वाचे वाटते. २०१९ मध्ये टॅपिओ श्नायडर आणि सहकाऱ्यांनी अशाच गणितावरून मांडले की कार्बन डायऑक्साइड १,२०० पीपीएमच्या पलीकडे गेल्यास स्तरराशी ढगांची चादर फाटेल आणि जग आणखी सुमारे आठ अंशांनी तापेल. बातम्यांमध्ये आठ अंश राहिले. ते गणित एका छोट्या डब्याचे होते आणि उरलेल्या जगाचा प्रतिसाद साध्या समीकरणांनी धरला होता, हे मागे पडले. ढग फाटण्याची यंत्रणा त्या गणिताने पटण्यासारखी दाखवली आहे. तो नेमका आकडा मात्र मी तितक्या ठामपणे धरणार नाही. याच्या उलट २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत बार्बाडोसजवळ झालेल्या ‘युरेका’ मोहिमेचे उदाहरण घ्या. तापलेल्या जगात मिसळण वाढून व्यापारी वाऱ्यांचे छोटे ढग मोठ्या प्रमाणावर सुकतील, असे काही हवामान-प्रारूपे सांगत होती. विमानांनी प्रत्यक्ष मोजल्यावर, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हा दुवा आढळला नाही आणि ढगांचा तो भीतिदायक प्रतिसाद अशक्त ठरला. संगणकाने प्रश्न धारदार केला आणि विमानाने तो सोडवला. दोघांपैकी एकाला वगळले असते तर वाद आजही तसाच राहिला असता.

इथून आपल्या आकाशाकडे वळावे लागते, आणि उसन्या प्रश्नपत्रिका इथेच अपुऱ्या पडतात. मुंबईत कुलाब्याला १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे हवामान केंद्र सुरू झाले. कॉलिन रॅमेज त्याचे प्रमुख होते. त्या काळच्या निरीक्षणांतून अरबी समुद्राच्या पश्चिम भागावर उबदार, कोरड्या हवेचे झाकण असते आणि भारताच्या किनाऱ्याकडे येता येता ते उचलले जाते, विरते, हे स्पष्ट झाले. झाकण असते तिथे ढग बुटके राहतात, झाकण सुटते तिथे ते वाढू लागतात. म्हणजे कोकणाकडे येणारी हवा वाटेतच आपला स्वभाव बदलते. तिच्या वेगाचीही जोड हवी. पावसाळ्यात सोमालियाकडून येणारा झोतवारा दीड किलोमीटर उंचीच्या आसपास सेकंदाला १५ मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने वाहतो. बोमेक्सच्या डब्यातला वारा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. शिवाय त्या डब्याची जमीन सपाट असते आणि त्याच्या एका भिंतीतून बाहेर गेलेली हवा दुसऱ्या भिंतीतून परत आत येते. जिथे शेकडो किलोमीटर एकसारखा समुद्र आहे तिथे ही सोय चालते. अलिबागहून निघून कर्जत ओलांडून घाटावर चढलेली हवा पुन्हा अलिबागच्या समुद्रावर आणून सोडता येत नाही.

सह्याद्रीचा प्रश्न कोणी हाताळलाच नाही, असे नाही. १९७९ च्या ‘मोनेक्स’ मोहिमेतील विमान-मोजमापांवरून ग्रॉसमन आणि ड्युरन यांनी १९८४ मध्ये मांडले की डोंगरामुळे वाऱ्याला अडसर होतो, हवा किनाऱ्याआधीच उचलली जाते आणि पाऊस समुद्रावरच सुरू होतो. १९८८ मध्ये ओगुरा आणि योशिझाकी यांनी ढगांचे द्विमितीय गणित करून पाहिले. नुसता डोंगर ठेवून पावसाची खरी मांडणी येत नव्हती. समुद्रातून मिळणारी उष्णता आणि बाष्प, आणि उंचीनुसार बदलणारा वारा, हे दोन्ही घातल्यावरच ती जुळली. सुमारे चार दशकांपूर्वीच्या संगणकावर निघालेला हा निष्कर्ष मला अजूनही मोलाचा वाटतो, कारण घाटाचा पाऊस समुद्रापासून तोडून समजून घेता येत नाही, हे त्याने दाखवले. त्यानंतर २००२ मध्ये अरबी समुद्रावर ‘आर्मेक्स’ मोहीम झाली, २००९ पासून ‘कायपिक्स’ची विमाने देशभरच्या ढगांत गेली, आणि २०१२ मध्ये महाबळेश्वरला आयआयटीएमची ढगांच्या अभ्यासाची उच्चस्थ प्रयोगशाळा सुरू झाली. घाटमाथ्यावरच्या पावसाचा मोठा वाटा उथळ ढगांचा आहे, हे या निरीक्षणांतून पुढे आले. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच ते साडेपाच किलोमीटरवर असते. त्याखालीच माथा असलेल्या ढगात बर्फ तयारच होत नाही, थेंब थेंबाला मिळूनच पाऊस पडतो. आणि नेमका हाच पाऊस उपग्रहाला चकवतो. सूक्ष्मलहरींवर चालणारी उपकरणे जमिनीवरचा पाऊस ओळखताना बऱ्याच अंशी ढगातल्या बर्फकणांवर विसंबतात, त्यामुळे बिनबर्फाच्या ढगातला जोरदार पाऊसही त्यांना कमी दिसतो.

यावर कोणी म्हणेल की मारतात ते उंच ढग, मग बुटक्यांवर एवढी मेहनत कशाला? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. तो उत्तुंग ढगांचा पाऊस होता. आक्षेपात तथ्य आहे, आणि उथळ ढगांच्या गणिताने तसा दिवस ओळखता येईल असा दावा मी करत नाही. पण कर्जत-खालापूरचे जगणे केवळ अशा एका दिवसावर बेतलेले नाही. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांत साठणाऱ्या पावसावर चालत आले आहे. वीज करून सुटलेले पाणी पाताळगंगेला आणि पेजेला मिळते, आणि त्याच्या भरवशावर उन्हाळ्यातले पाणी आणि काठची शेती आहे. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेली भाताची वाणे दिवसांच्या हिशेबावर बेतलेली असतात, आणि त्यांना एका रात्रीच्या कोसळधारेपेक्षा जुलैभर टिकणारी रिपरिप अधिक कामाची. दरडींचेही तसेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वस्तीचा मोठा भाग गाडला गेला. अशा वेळी त्या तासाचा पाऊस जेवढा महत्त्वाचा, तेवढाच आधीच्या दिवसांत डोंगरात मुरलेला पाऊसही. तो मोजण्यात सातत्याने तूट राहिली तर धोक्याची पातळी ठरवणारे सगळे हिशेब पोकळ होतात.

खर्चाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. महासंगणकाला लागणारा पैसा आणि वीज पर्जन्यमापकांवर का लावू नये? उत्तरासाठी बारामतीचा प्रयोग पाहावा. आयआयटीएमने १९७३ ते १९८६ दरम्यानच्या अकरा पावसाळ्यांत तिथे उबदार ढगांत मिठाची फवारणी केली आणि सरासरी २४ टक्के वाढ नोंदवली. तेवढी वाढ योगायोगाची नाही असे म्हणण्यासाठी अकरा हंगाम खर्ची पडले, कारण फवारलेला ढग न फवारता कसा वागला असता हे कधीच पाहता येत नाही. संगणकात तोच ढग दोनदा चालवता येतो. मात्र तिथे थेंबांचे सूत्र चुकीचे असेल तर दोन्ही वेळा चूकच चालेल, आणि ती पकडायला पर्जन्यमापकच लागेल. म्हणून माझ्या मते निवड अशी नाहीच. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, हे या कामाचे पहिले भांडवल आहे. डोंगरउतारावर, जिथे मंडळाचे केंद्र पोचत नाही, तिथे आणखी हवीत, आणि ती आधी हवीत.

अलीकडे एक नवा आक्षेप ऐकू येतो. जुन्या नोंदी वाचून यंत्रच अंदाज शिकत असेल तर भौतिकीची इतकी उठाठेव कशाला? अशी अनेक प्रारूपे ज्या ‘एरा-५’ नोंदसंचावर शिकतात, त्याच्या जाळीचा चौकोन सुमारे ३० किलोमीटरचा आहे. म्हणजे कर्जत आणि लोणावळा त्याला जवळजवळ एकच. शिकवणाऱ्यालाच जो उथळ ढग दिसत नाही तो शिकणाऱ्याला कुठून दिसणार? अशा यंत्रांना आपल्या घाटाचा पाऊस शिकवायचा असेल, तर बारीक जाळीची गणितेच त्यांचे पाठ्यपुस्तक ठरतील.

आवाक्याचा हिशेब मांडून थांबतो. समुद्रावरून घाटमाथ्यापलीकडे जाणारा ३०० किलोमीटर लांब आणि २०० किलोमीटर रुंद पट्टा घेतला, १०० मीटरची जाळी टाकली आणि उंचीचे १५० थर धरले, तर ९० कोटी बिंदू होतात. एकेका सेकंदाच्या टप्प्याने एक दिवस चालवायला ८६,४०० पावले लागतात. २०१८ मध्ये पुण्यात ४ पेटाफ्लॉप्सचा ‘प्रत्यूष’ आला, सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ आला. अशा यंत्रांवर हे गणित जड आहे, अशक्य नाही. दिवस निवडायचा तो गाजावाजा नसलेला, जुलैतला, सलग वाऱ्याचा आणि बुटक्या ढगांचा. किनाऱ्यावरून आणि डोंगराच्या पायथ्यावरून दर तीन तासांनी फुगे सोडून हवेची नोंद घ्यायची, अलिबाग ते भीमाशंकर पर्जन्यमापकांची साखळी लावायची. एक गणित सह्याद्री सपाट करून चालवायचे आणि दुसरे सह्याद्री जागेवर ठेवून. दोन्हींतला फरक आणि दुसऱ्यातून आलेला कशेळ्याचा तासागणिक पाऊस आधी भाकीत म्हणून लिहून प्रसिद्ध करायचा, आणि त्यानंतर मापकांचे आकडे उघडायचे.